सहाणेवर आलेला सिकंदर

कातळवाडीच्या हैबती सकपाळला साधा चहा घेणार का म्हणून विचारलं तरी तो आधी डोकं खाजवतो. ‘घेतला तरी चालंल, नाय घेतला तरी काय बिघडत नाय,’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. मग कप समोर आला की पितो, आणि नाही आला की घरी जाऊन बायकोला सांगतो, अमक्याकडे चहासुद्धा विचारत नाहीत. असल्या माणसाला एस.टी.नं उभी हयात कंडक्टर म्हणून कसं चालवून घेतलं, हे एक नवलच आहे. पण गाडीत तो वेगळा असायचा. तिथं ठरवायला काही नसतंच. माणूस चढला, तिकीट फाडलं, घंटी मारली. महाडच्या डेपोतून निघायचं, पोलादपूरला पाणी प्यायचं, आंबेनळीची वळणं खात महाबळेश्वरला पोचायचं आणि तिथून उलटं फिरायचं. त्याचं जग एका डेपोत सुरू व्हायचं आणि एका स्टँडवर संपायचं, आणि त्याबद्दल त्याची काडीची तक्रार नव्हती.

अशा माणसावर गेल्या चैत्रात जग जिंकायची पाळी आली.

त्याचं झालं असं. हैबतीची धाकटी लेक समीक्षा महाडला कॉलेजात शिकते. तिथल्या एकपात्री स्पर्धेत तिनं ‘मी सिकंदर बोलतोय’ असं भाषण स्वतः लिहून केलं. शाळेत आपण सगळ्यांनी ‘मी नदी बोलतेय’, ‘मी फाटकी छत्री बोलतेय’ असले निबंध लिहिलेत, त्यातलीच ही जरा वरच्या इयत्तेतली जात. परीक्षकांनी तिला सांगितलं की मजकूर चांगला आहे, पण सिकंदर मुलीच्या आवाजात शोभत नाही. पोरगी घरी आली ती पिशवी आपटतच. हैबती ओटीवर गुडघ्याला तेल चोळत बसला होता. लेकीचा राग त्याला बघवत नाही. तो म्हणाला, ‘दाव बघू मला. माझा आवाज तर पुरुषाचा हाय.’

एवढंच बोलला आणि अडकला. कारण आठ-पंधरा दिवसांवर गावदेव भैरीची जत्रा होती. कातळवाडीच्या जत्रेत रात्रीचा मान मुंबईकर मंडळाच्या ऑर्केस्ट्राचा, आणि दुपारचा गाववाल्यांचा. दुपारी पोरं काहीतरी नाच-गाणं करून वेळ मारून नेत. यंदा वाडीत नाचायला पोरंच उरली नव्हती. तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी अनिल, म्हणजे हैबतीचा चुलतभाऊ, याच्या कानावर ही गोष्ट गेली आणि तो मुंबईहून फोनवर म्हणाला, ‘हैबतीदादा, तुझा तो सिकंदर ठेवू ना दुपारी. पंधरा मिनिटांचा आयटम. टेन्शन नको घेऊ.’ हैबती म्हणाला, ‘ठेवलास तरी चालंल...’ पुढचं अनिलनं ऐकलंच नाही.

पाठांतर सुरू झालं. हैबतीला पाठ व्हायचं भराभर. गावांची नावं ओळीनं घोकायची सवय होती. घोळ होता तो दुसराच.

‘समे, ह्यो मेला हाय ना?’

‘कधीच, बाबा. सव्वादोन हजारांवर वर्षं झाली.’

‘मंग बोलतोय कोन?’

‘तुम्ही.’

‘मी कसा? मी तर महाबळेश्वरच्या पलीकडं गेलो नाय.’

‘अहो, कल्पना असते ती. आपण सिकंदर आहोत असं समजायचं.’

‘समजलो. आनि हैबती कुठं गेला म्हनून समजायचं?’

समीक्षाला हसू आलं. हैबती मात्र हसत नव्हता. तो खरोखरच चक्रावला होता. गोठ्यात शेण भरताना तो म्हणायचा, ‘मी सिकंदर! माझा घोडा कुणालाही पाठीवर बसू देईना. मी ओळखलं, तो स्वतःच्याच सावलीला भितो. मी त्याचं तोंड सूर्याकडे वळवलं आणि मांड टाकली!’ त्याची बायको चंद्रभागा कंबरेवर हात ठेवून ऐकायची आणि म्हणायची, ‘सूर्याकडं तोंड करा नायतर कुठंबी करा, पन आधी ती पाटी उकिरड्यावर टाका.’

सिकंदराच्या एकेका करणीवर त्याचं मन अडायचं. एका गावात म्हणे एक गाठ होती, ती कुणालाच सुटत नव्हती, आणि जो सोडवील तो राजा होणार होता. सिकंदरानं तलवार काढली आणि गाठ कापून टाकली. भाषणात इथं टाळ्या अपेक्षित होत्या. हैबतीला काही पटेना. ‘दाव्याची गाठ सुटंना म्हनून दावं कापलं तर बैल बांधायचा कशानं?’ तो समीक्षाला विचारायचा. आणि मग एवढं जग जिंकून तो बियास नदीपाशी आला. पुढं जायचं होतं, पण सैन्य हटून बसलं. आम्हाला घरी जायचंय, म्हणाले. सिकंदर तंबूत जाऊन रुसून बसला, कुणाशी बोलेना. शेवटी परत फिरला. फिरला तो वाळवंटातून, अर्धं सैन्य पाण्यावाचून गमावत. आणि घरी पोचायच्या आधीच तापानं गेला.

‘आई व्हती ना त्याची?’ हैबतीनं विचारलं.

‘होती. ती पत्रं पाठवायची सारखी.’

‘भेट झाली?’

‘नाही, बाबा. घरातून निघाला त्यानंतर पुन्हा कधीच नाही.’

भाषणाचा शेवट तिथंच होता. मरणाच्या दारात पडलेला सिकंदर म्हणतो, ‘आई, मी परत निघालो होतो गं. आता माझी वाट पाहू नकोस.’ समीक्षाला ते वाक्य लिहिताना रडू आलं होतं. हैबती ते बोलताना मध्येच थांबायचा, आणि ते थांबणं सिकंदराचं आहे की आपलं, हे त्याला उमगायचं नाही. गुडघ्यांसाठी तो आठवड्यातून एकदा महाडजवळच्या सव गावी जायचा, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचा. तिथंही तो पुटपुटत असायचा. शेजारच्या म्हाताऱ्यांनी विचारलं तर म्हणायचा, ‘काय नाय, एक मानूस अडकलाय माझ्यात, त्याला बाहेर काढतोय.’ म्हातारे जरा सरकून बसायचे.

त्या शेवटच्या वाक्यापाशी त्याला दर वेळी आठवायची ती तुळजाबाई.

तुळजाबाई ही हैबतीची चुलती. घर दोन बांध सोडून. नवरा गेलेला, आणि एकुलता एक मुलगा गणू, तो मुंबईला गेला तो गेलाच. आधी एका हॉटेलात होता, मग कुणाबरोबर तरी दुसऱ्या कामावर गेला, मग फोन बंद झाला. मुंबईची भावकी सगळीकडे हिंडून आली. पोलिसांत नोंद झाली. कुणी म्हणालं कुर्ल्याला दिसला, कुणी म्हणालं गाडीखाली गेला. नाशकाकडच्या एका बाबानं सांगितलं, उत्तरेला आहे, सुखात आहे, बायको केलीय. गणू गेला त्या दिवशी पोलादपूर ते महाड त्याचं तिकीट हैबतीनंच फाडलं होतं. तेव्हापासून येणारा-जाणारा त्याला विचारायचा, काय बोलला रे शेवटचं? हैबती आठवून आठवून थकला. गाडीला गर्दी होती. ‘सुट्टे दे,’ एवढंच दोघं बोलले होते बहुतेक. ‘आता जन्मात पुन्हा दिसायचो नाही’ असं आधी सांगून गाडीत बसायची कुठल्याच पोराची पद्धत नाही.

आता गणूला जाऊन बारा वर्षं उलटली होती. आणि बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला तर त्याची क्रिया करून टाकावी असा रिवाज आहे. गवताचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहावं-तेरावं करायचं आणि मोकळं व्हायचं. भावकीला घाई झाली होती. अनिलच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाचा पाडा दगावला, सगळ्याचा ठपका गणूवर. तो ना जिवंतात ना पितरांत, मध्येच लोंबकळतोय म्हणून हे होतंय, असं मुरारी गुरवानं सांगितलं. क्रिया करायची कुणी, तर चुलतभावांत थोरला हैबती, त्यानं. हैबतीला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘केली तरी...’ आणि अनिलनं ते होकारात धरलं. पण तुळजाबाई ऐकेना. ‘माज्या पोराला जाळायला निघालेत मेले,’ असं म्हणून तिनं दोनदा भावकीची बैठक उधळून लावली. शेवटी ठरलं की जत्रा होऊ दे, भैरीला विचारू, भैरी सांगेल ते खरं.

पण भैरीला विचारायचं कसं? पूर्वी हैबतीचा बाप भागोजी याच्या अंगात भैरीचं वारं यायचं. देव त्याच्या तोंडून बोलायचा, गाव विचारायचं, तो सांगायचा. भागोजी गेल्यापासून वारं कुणाच्याच अंगात उतरलं नव्हतं. ते कधी ना कधी सकपाळांच्या घरात परत येणार, याबद्दल मात्र वाडीत कुणाला शंका नव्हती.

हे सगळं समीक्षाला ठाऊक होतं आणि हैबतीलाही. तरी दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की काय होणार आहे. याला काय म्हणावं!

जत्रेच्या दुपारी ऊन असं पडलं होतं की सहाणेचा दगड हाताला सोसवेना. सहाण म्हणजे देवळापुढचा चौथरा, पालखी तिथं बसते, आणि गावात स्टेज म्हणायला तेवढीच जागा. समीक्षानं बापाला नटवलं होतं: अंगावर दाराचा लाल पडदा, डोक्याला मोटरसायकलच्या हेल्मेटवर सोनेरी कागद चिकटवून वर केरसुणीचा तुरा, हातात लाकडी तलवार. माणसं खोखो हसली. हैबतीनं सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं, भैरीच्या सहाणेवर पाय ठेवायचा म्हणून. तो वर चढला, हेल्मेटच्या आत घाम डोळ्यांत उतरत होता, आणि त्यानं आवाज लावला.

‘मी सिकंदर. मॅसिडोनिया माझं गाव. फिलिप माझा बाप, ऑलिंपियास माझी आई. मी बारा मुलूख पालथे घातले, पण माझं एक काम अपुरं राहिलं!’

आणि हसू थांबलं.

कारण वाऱ्याची रीत अगदी अशीच असते. अंगात आलेलं जे काही असेल त्यानं आधी नाव सांगायचं, मग गाव, मग आईबाप, मग काय राहिलं ते. भागोजी असाच बोलायचा. आवाजही बापाचाच होता, बेंबीच्या देठापासून काढलेला. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोक्यावर ओढले. हैबतीचे गुडघे उन्हानं आणि उपाशीपोटी लटपटायला लागले होते, त्यामुळे तो हलत होता. ढोलवाल्या धोंडूनं सहाणेवर माणूस थरथरताना पाहिला आणि सवयीनं टिपरी मारली. एकदा ढोल वाजल्यावर मग काय! घोडा, सूर्य, गाठ, सगळं ढोलाच्या तालात निघालं. हैबती थांबायला पाहत होता, पण ढोल थांबेना, आणि ढोल थांबेना म्हणून त्यालाही थांबता येईना.

मुरारी गुरव अंगारा घेऊन उठला. त्यानं तो हैबतीच्या कपाळाला लावायचा म्हणून हेल्मेटला लावला. ‘कोन हायस बाबा तू?’

हैबती गांगरला. हे भाषणात नव्हतं. पण उत्तर पाठ होतं. ‘मी सिकंदर.’

‘भैरीनं धाडलाय का तुला?’

‘मला कुणी धाडलं नाही. मी स्वतःच्या मनानं निघालो,’ हैबती म्हणाला. हे भाषणातलंच वाक्य होतं. गर्दीत कुजबुज झाली: परमुलखातलं वारं आहे, पण भैरीच्या सहाणेवर आलंय म्हणजे परवानगीनंच आलं असणार.

‘यंदा हिरीला पानी टिकंल का, देवा?’ कुणीतरी ओरडलं.

हैबतीच्या डोक्यात पुढचं वाक्य तयारच होतं. ‘वाळवंटात माझं सैन्य पाण्यावाचून तडफडून मेलं!’ तो गरजला. सगळ्या वाडीनं एकदम सुस्कारा सोडला. टँकर सांगावा लागणार, हे तिथल्या तिथं ठरलं.

समीक्षा बाजूला उभी राहून खुणा करत होती, थांबा, बाबा, उतरा खाली. हैबतीला तिचे हात दिसत होते. पण त्या क्षणी त्याला खरोखर कळत नव्हतं की आपण नाटक करतोय की आपल्याला काही झालंय. बापाचा आवाज आपल्या तोंडून कसा निघाला? आपण तर फक्त पाठ केलेलं बोलतोय. मग माणसं हात का जोडतायत? आणि बापही असंच काही पाठ केलेलं बोलायचा का? हा विचार त्याच्या मनात याआधी कधी आला नव्हता.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि तुळजाबाई पुढे आली. हातात नारळ. ती कमरेत वाकलेली, त्यामुळे सहाणेशी उभी राहिली तर तिचं डोकं जेमतेम हैबतीच्या कमरेशी आलं. तिनं वर पाहिलं. तोंड ओळखीचं होतं, पण ती हैबतीला बघतच नव्हती.

‘बाबा, तू समदा मुलूख फिरलायस म्हनतोस,’ ती म्हणाली. ‘माजा गणू दिसला का रे तुला कुठं? सावळा हाय. कपाळावर खोक हाय. हाय का नाय तेवडं सांग. तू सांगशील ते मी आयकीन.’

ढोल थांबला. अनिल पुढे सरकला, मुरारीच्या कानाशी लागला. मुरारी मोठ्यानं म्हणाला, ‘सांग देवा. हाय का नाय? भावकी खोळंबलीय.’

हैबतीच्या डोक्यात पाठांतर आपल्या चालीनं चाललं होतं, आणि आता पुढचं वाक्य येत होतं, शेवटचं. आई, मी परत निघालो होतो गं. आता माझी वाट पाहू नकोस. जिभेच्या टोकाशी आलं होतं. हे वाक्य बोलायचं म्हणजे गणू मेला. बस्स, संपलं. भावकी मोकळी, म्हातारीनं शब्द दिला होता, ती ऐकणार. आणि नाही बोलायचं, दुसरं काही जुळवून सांगायचं, येतोय म्हणायचं, म्हणजे म्हातारी आणखी बारा वर्षं उंबऱ्यात बसणार. दोन्ही बोलायला सोपं होतं. वारं बोलतं ते कुणी माणसाच्या माथी मारत नाही. हैबतीनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ठरवायचं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडानं.

त्यानं हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटले होते. तो खाली बसला, म्हणजे तुळजाबाईचं तोंड आणि त्याचं तोंड समोरासमोर आलं.

‘काकी, मी हैबती,’ तो म्हणाला. ‘मला ठावं नाय गो. खरंच ठावं नाय.’

मग जो गलका झाला तो विचारू नका. मुरारी म्हणाला, वारं मोडलं, भैरीचा अपमान झाला. अनिल म्हणाला, ‘दादा, एवढा बेस्ट चान्स होता, एक शब्द बोलायचास ना!’ कुणी म्हणालं, मुळात वारं नव्हतंच, सोंग होतं. कुणी म्हणालं, वारं होतं, यानंच घालवलं. तुळजाबाई तिथं थांबली नाही. तिनं नारळ परत पदरात घेतला आणि उन्हातून घरी निघून गेली. हैबती दाराचा पडदा अंगावर घेऊन तसाच बसून राहिला. आपण म्हातारीचं भलं केलं की तिला सगळ्या गावासमोर उघडं पाडलं, हे त्याला कळेना. त्याला रडू यायला लागलं आणि त्याचीही त्याला लाज वाटेना.

जत्रा उलटली तरी वाडी त्याच्याशी धड बोलत नव्हती. बांधावर भेटलं की माणसं त्याच्या डोळ्यांत निरखून बघायची, आतमध्ये आणखी कुणी आहे का म्हणून. चंद्रभागेनं एकदा भाकरी थापता थापता विचारलंच, ‘खरं सांगा, त्या दिवशी तुम्ही व्हता का नव्हता?’

‘त्येबी ठावं नाय गो,’ हैबती म्हणाला. ‘आधी व्हतो. मंग नसंन बहुतेक. काकीनं इचारलं तवा परत आलो.’

‘बरं केलंत,’ ती म्हणाली, आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

अमावास्येला चार-दोन दिवस उरले असताना सकाळी तुळजाबाई त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. हैबतीला वाटलं, शिव्या द्यायला आली. तो उठून उभा राहिला. ती ओटीच्या कडेला टेकली, धाप ओसरू दिली, आणि म्हणाली, ‘गणूची क्रिया कर.’

‘काकी?’ त्याला काही सुधरेना. ‘मी तर म्हनलो, मला ठावं नाय.’

‘म्हनून तर तुला सांगतेय. अन्याला ठावं हाय माजा गणू मेला. मुरारीला ठावं हाय. त्या नाशकाच्या बाबाला ठावं व्हतं तो सुखात हाय. समद्यांना समदं ठावं. एक मलाच ठावं नव्हतं, आनि ह्या वाडीत मी एकटीच येडी ठरले.’ ‘ज्याला ठावं हाय त्याच्या हातनं मी पोर जाळू देऊ? तो काम उरकून हात धुवील. तुजा हात थरथरंल रे. मला तसा हात पायजे.’

‘पन काकी, कशाला करायची? नको करूया.’

‘मी मेल्यावर अन्या करनारच हाय. माज्या डोळ्यांदेखत व्हऊ दे. तुज्या हातनं.’

हैबतीनं डोकं खाजवलं नाही. त्यानं तिचे पाय धरले. ‘करतो, काकी,’ तो म्हणाला. चंद्रभागा दारात उभी होती, तिनं नवऱ्याच्या तोंडून इतकं सरळ उत्तर लग्नापासून ऐकलं नव्हतं.

अमावास्येला पोलादपूरच्या खाली सावित्रीच्या काठावर भावकी जमली. बायकांनी अशा कामाला नदीवर यायचं नसतं, पण तुळजाबाईला अडवायची कुणाची छाती झाली नाही. भटजींनी दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस बांधला होता, डोक्याच्या जागी नारळ. तो काठच्या गोट्यांवर रचलेल्या लाकडांशेजारी ठेवला होता.

‘उन्हात कशाला निजवलाय त्याला?’ तुळजाबाई म्हणाली.

अनिल ‘अगं काकी, गवतच तर...’ असं म्हणायला लागला, पण हैबतीनं तो गवताचा माणूस दोन्ही हातांनी उचलला आणि करंजाच्या सावलीत नेऊन ठेवला. डोक्याखाली हात घालून उचलला त्यानं, तान्ह्या पोराला उचलतात तसं. लाकडंही मग तिकडेच हलवावी लागली. भटजींना उशीर होत होता, पण त्यांनीही दोन लाकडं उचलली.

मंत्र झाले. गवताचा माणूस लाकडांवर ठेवला. पेटवायची वेळ आली तेव्हा हैबतीचं पुन्हा डोकं फिरलं. ‘भटजी, आनि तो आला तर?’

सगळे त्याच्याकडे रागानं बघायला लागले. भटजी मात्र शांतपणे म्हणाले, ‘त्याचीही सोय सांगितलेली आहे. क्रिया झाल्यावर माणूस परत आला, तर तो नव्यानं जन्मला असं धरतात. त्याचे सगळे संस्कार पुन्हा करतात. अगदी बारशापासून.’

कुणीतरी हसलं. एवढा बाप्या पाळण्यात कसा मावायचा, असं पुटपुटलं. तुळजाबाई हसली नाही. ती भटजींच्या तोंडाकडे बघत राहिली.

‘नाव त्येच ठेवता येतं का?’ तिनं विचारलं.

‘येतं की, आजी. तेच ठेवायचं.’

‘मंग पेटव, हैबती.’

हैबतीनं काडी ओढली. हात थरथरत होता, नदीवरनं वारा येत होता, काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. अनिल पुढे होऊ लागला तशी तुळजाबाईनं त्याला कोपरानं मागं सारलं. ती वाकून हैबतीच्या अगदी जवळ आली आणि तिनं दोन्ही हातांच्या ओंजळीचा आडोसा केला.

‘आता पेटंल,’ ती म्हणाली. हैबतीनं तिसरी काडी ओढली.